एकाच गुरूचे दोन शिष्य आणि एक संसार: अन्नपूर्णादेवी आणि रविशंकर

मुंबईत भुलाभाई देसाई रोडवर, म्हणजे जुने लोक अजून ज्याला वॉर्डन रोडच म्हणतात तिथे, आकाशगंगा नावाची बिल्डिंग आहे. तिथल्या एका फ्लॅटच्या दारावर कित्येक वर्षं पाटी होती, की सोमवारी आणि शुक्रवारी दार उघडलं जाणार नाही, इतर दिवशी बेल तीनदाच वाजवा, कुणी उघडलं नाही तर आपलं कार्ड ठेवून जा. आत अन्नपूर्णादेवी राहायच्या. १३ ऑक्टोबर २०१८ ला त्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये गेल्या तेव्हा वय ९१ होतं आणि त्याआधीची जवळजवळ साठ वर्षं त्यांनी लोकांसमोर वाद्य वाजवलेलं नव्हतं. घरात रोज वाजवायच्या, रात्री उशिरा, सगळं जग झोपल्यावर. शिष्यांना शिकवायच्या ते बहुतेक गाऊन. पण स्टेज नाही, रेकॉर्ड नाही, रेडिओ नाही.

ही गोष्ट बहुतेकांना दोन ओळीत माहीत असते: पंडित रविशंकर बायकोच्या वाजवण्यावर जळायचे म्हणून तिने संसार वाचवण्यासाठी जाहीर न वाजवण्याची शपथ घेतली आणि तरीही संसार मोडला. मी स्वतः हौशी सतार शिकते, क्लासमध्ये हे इतक्या वेळा ऐकलंय की आता त्या दोन ओळींचा त्रास होतो. त्या खोट्या आहेत असं नाही. पण त्यात दोघंही माणसं राहत नाहीत, एक खलनायक होतो आणि एक देवी होते, आणि मत्सर नावाची गोष्ट घरात नेमकी शिरते कशी, बसते कुठे, पुढे कुणाच्या वाट्याला जाते हे काहीच कळत नाही. म्हणून हे प्रकरण जरा सुरुवातीपासून उलगडून बघू.

मैहर

मैहर हे आजच्या मध्य प्रदेशातलं छोटं संस्थान, टेकडीवरच्या शारदामातेच्या देवळासाठी प्रसिद्ध. तिथल्या राजाच्या, ब्रिजनाथसिंहांच्या दरबारी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ होते, सगळे त्यांना बाबा म्हणायचे. धर्माने मुसलमान, रोज शारदामातेचे भक्त, आणि शिकवताना इतके कडक की मुलाला झाडाला बांधून मारल्याच्या गोष्टी आजही सांगतात. त्यांची धाकटी मुलगी १९२७ मध्ये जन्मली, नाव रोशनआरा, पण महाराजांनी तिला अन्नपूर्णा म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं.

आता इथे एक गोष्ट आहे जी मला सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. बाबांनी थोरल्या मुलीला, जहाँआराला, गाणं शिकवलं होतं. तिचं लग्न झालं आणि सासूने तिचा तानपुरा जाळला. त्या मुलीचे सासरी फार हाल झाले आणि ती लवकर गेलीही. बाबांनी ठरवलं की धाकटीला संगीत शिकवायचंच नाही, नकोच ते. म्हणजे बघा, बाईच्या हातातलं वाद्य सासरच्यांना सहन होत नाही हा अनुभव या घरात अन्नपूर्णा पहिला सूर लावायच्या आधीच आलेला होता, तोही जळालेल्या लाकडाच्या रूपात.

पण कान बंद करता येत नाहीत. भाऊ अलीअकबर रियाज करत होते, बाबा बाजारात गेलेले, आणि भावाचं कुठेतरी चुकलं तर ही पोरगी म्हणाली भैया असं नाही, बाबांनी असं शिकवलंय, आणि गाऊन दाखवायला लागली. बाबा परत आलेत हे तिला कळलंच नाही. मग त्यांनी तिला खोलीत बोलावलं, तिला वाटलं आता मार पडणार, आणि त्या दिवसापासून तिची तालीम सुरू झाली. आधी गळा, मग सतार. काही वर्षांनी बाबांनी विचारलं की सूरबहार शिकशील का, माझ्या गुरूंची विद्या तुला द्यायची आहे कारण तुझ्यात हाव नाही. सतार जाणकारालाही आवडते आणि साध्या श्रोत्यालाही, सूरबहार मात्र ज्याला आतली खोली कळते त्यालाच आवडणार, साधा माणूस कदाचित टोमॅटो मारेल, काय ठरवतेस. ती म्हणाली तुमची आज्ञा तशी.

सूरबहार ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, सतारीसारखंच दिसतं पण अंगाने मोठं, तारा जाड, आवाज खाली आणि खोल. एका पडद्यावर तार ओढून कितीतरी सूर काढता येतात, त्यामुळे मींडेसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, त्याला तोड नाही, आलाप आणि जोडासाठीच, म्हणजे तबल्याशिवाय राग सावकाश उलगडण्यासाठीच ते आहे. झाल्याची, म्हणजे शेवटच्या जलद भागाची धडाधड, तबल्याशी सवाल जवाब, टाळ्या घेणं हे त्याचं काम नाही. म्हणजे नवरा बायको पुढे जेव्हा एकत्र बसणार होते तेव्हा एकाच्या हातात टाळ्यांचं वाद्य असणार होतं आणि दुसरीच्या हातात जाणकारांच्या मानेचं. हे लक्षात ठेवा, याच्यावर पुढे बरंच अवलंबून आहे.

जावई

रविशंकर यांचा जन्म १९२० चा, बनारसचा. लहानपणीच भाऊ उदयशंकर यांच्या नृत्यमंडळीबरोबर पॅरिसला गेले, युरोप अमेरिका फिरले, चांगले कपडे, हॉटेलं, नाच, सगळं बघितलं. १९३५ मध्ये बाबा त्याच मंडळीबरोबर परदेशी निघाले तेव्हा मुंबईच्या गोदीवर रविशंकरांच्या आईने पोराचा हात बाबांच्या हातात दिला आणि सांगितलं याला सांभाळा. आईची ती शेवटची भेट. बाबा त्या गोष्टीने कायमचे बांधले गेले, आणि १९३८ मध्ये हा अठरा वर्षांचा देखणा पोरगा सगळं सोडून मैहरला येऊन राहिला. बाबांनी त्याला मुलासारखं ठेवलं, इतरांना जो मार पडायचा तो त्याला जवळपास पडला नाही.

इथे रविशंकरांची बाजू समजून घ्यायलाच हवी. अठराव्या वर्षी सतारीला पूर्णवेळ लागणं म्हणजे घराण्याच्या हिशोबात फार उशीर. शेजारच्या खोलीत गुरूचा मुलगा आणि गुरूची मुलगी, दोघांच्या कानात पाळण्यापासून तेच सूर. तुम्ही दिवसाला दहा बारा तास घासा, ती मुलगी स्वयंपाक करता करता तुमची चूक सांगू शकते. कुणी मुद्दाम हिणवलं नाही तरी हे रोज समोर असतं. गुरुबंधू म्हणून हे पचवता येतं, उलट त्यातून शिकताही येतं, पण तीच मुलगी बायको झाली तर?

आणि ती झाली. उदयशंकरांनी गोष्ट काढली, बाबांनी होकार दिला, आणि मे १९४१ मध्ये अल्मोड्याला हिंदू पद्धतीने लग्न लागलं. तो २१, ती १४. आधी प्रेमबीम काही नव्हतं हे खुद्द रविशंकरांनीच सांगून ठेवलंय. बाबांच्या मनात काय होतं ते मला अगदी स्पष्ट दिसतं, थोरलीचा तानपुरा जाळणारं घर मिळालं, धाकटीला वाद्याची पूजा करणारं घर मिळतंय, नवराच वाजवणारा आहे, आणखी काय पाहिजे. बापाचा हिशोब चुकीचा नव्हता. फक्त हे त्यांच्या डोक्यात आलं नसावं की ज्याला संगीत कळत नाही तो फार तर लाकूड जाळेल, ज्याला कळतं त्याला ती नेमकी किती पुढे आहे हे रोज ऐकू येणार आहे.

मार्च १९४२ मध्ये मुलगा झाला, शुभेंद्र, घरचं नाव शुभो. पंधरा वर्षांचीही पुरी न झालेली आई, आजारी मूल, रात्र रात्र रडणारं, आणि दिवसभर रियाज करून रात्री जागणारा बाप. अन्नपूर्णादेवींनी पुढे सांगितलं की त्या जागरणांच्या काळातच नवऱ्याचा स्वभाव बदलत गेला, चिडचिड वाढली. मग १९४० च्या दशकात रविशंकर मुंबईत आले, आणि त्यांची कुटुंबातल्याच नात्यातल्या एका नर्तकीशी असलेली जवळीक अन्नपूर्णादेवींना कळली. त्या मुलाला घेऊन मैहरला निघून गेल्या, नंतर परत आल्या. म्हणजे स्टेजवरच्या जुगलबंद्या सुरू व्हायच्या आधीच या संसारात एक मत्सर येऊन बसला होता, आणि तो तिच्या बाजूचा होता, आणि त्याला कारणही होतं. मराठीत आपल्याकडे यासाठी वेगवेगळे शब्द आहेत हे बरंय: तिचा होता तो सवतीमत्सर, त्याची होती ती असूया. रविशंकरांनी आपल्या आठवणींमध्ये तिचा संशय आणि राग यावर भर दिला, तिने त्याच्या असूयेवर, आणि लोक बाजू घेताना एकच मत्सर मोजतात. माझ्या मते हे दोन्ही एकमेकांना खाद्य घालत होते. संशय असलेल्या घरात नवरा तिच्या वाजवण्यात स्वतःवरचा ठपका ऐकतो, आणि असूया असलेल्या घरात बायकोला त्याचं बाहेर रमणं म्हणजे आपल्या कलेला दिलेली शिक्षा वाटते.

जुगलबंदी

१९४९ मध्ये रविशंकर दिल्लीला आकाशवाणीत लागले आणि १९५० च्या दशकात दिल्ली, कलकत्ता वगैरे ठिकाणी दोघांनी जुगलबंदी वाजवली, त्यांची सतार, तिचं सूरबहार. जास्त कार्यक्रम झाले नाहीत, पण ज्यांनी ऐकले त्यांनी आयुष्यभर सांगितलं. अन्नपूर्णादेवींचे शिष्य आणि बरीच वर्षं हिंदी वृत्तपत्रात संगीत समीक्षा लिहिणारे मदनलाल व्यास यांचं म्हणणं होतं की कार्यक्रम संपला की गर्दी पंडितजींपेक्षा अन्नपूर्णादेवींभोवती जास्त व्हायची आणि ते पंडितजींना सहन होत नसे. शिष्याचं बोलणं आहे, त्यात गुरूचा अभिमान असणार, तेवढी सूट देऊन वाचायला हवं. तरीही हे दृश्य मला खरं वाटतं, कारण कुठल्याही मैफिलीनंतर ते घडतं, लोक उठतात, ग्रीनरूमकडे जातात, आणि कोणाच्या पायाशी आधी वाकतात ते बाजूला उभ्या माणसाला दिसतं.

आता स्वतः अन्नपूर्णादेवी काय म्हणाल्या? २००० च्या सुमाराला, कितीतरी दशकांनी, त्यांनी लेखी प्रश्नांना उत्तरं दिली, त्यात त्यांनी साधारण असं सांगितलं की मी वाजवायचे तेव्हा लोक कौतुक करायचे आणि पंडितजींना ते फारसं रुचत नाही असं मला जाणवायचं, तशीही मला कार्यक्रमांची आवड नव्हती, म्हणून थांबवलं आणि साधना चालू ठेवली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा "जाणवायचं" या शब्दावर अडकले. तिने असं म्हटलेलं नाही की त्याने बंदी घातली. कुणी काही बोललंच नाही. कार्यक्रमानंतर गाडीत शांतता, जेवताना शांतता, एखादा कौतुकाचा फोन आला की चेहऱ्यावर काहीतरी हललं, झालं. ज्यांच्या घरात असं काही घडलंय त्यांना हे लगेच कळेल. तुलनेसाठी युरोपातलं एक उदाहरण घ्या: संगीतकार गुस्ताव मालर याने १९०१ च्या डिसेंबरमध्ये लग्नाआधी आल्माला लांबलचक पत्र लिहून स्पष्ट सांगितलं की एका घरात दोन संगीतकार नकोत, तू संगीत रचणं सोडायचं, आणि तिने सोडलं. पुढे १९१० मध्ये ती दुसऱ्या पुरुषाकडे ओढली गेल्यावर त्याने घाबरून तिची जुनी गाणी बाहेर काढली, कौतुक केलं, पाच गाणी छापून आणली. तिथे निदान कागद होता. भांडायला वाक्य होतं, मागे घ्यायलाही वाक्य होतं. दिल्लीतल्या त्या घरात मागे घेण्यासारखं काही बोललंच गेलं नव्हतं, मग मागे घेणार काय.

रविशंकरांची बाजू अशी: लग्न टिकून होतं तोवर मीच तिला आग्रहाने, जवळपास जबरदस्तीने माझ्याबरोबर वाजवायला लावायचो, तिला एकटीने वाजवायचं नसायचं, पुढे वेगळे झाल्यावर तिने स्वतःहून बंद केलं, कदाचित लोकांसमोर बसायचं दडपण असेल, आणि हे फार वाईट झालं कारण ती विलक्षण कलाकार आहे. मला यातली शेवटची ओळ मनापासूनची वाटते, आग्रह केला हेही खरं असेल. पण दडपणाची गोष्ट पटत नाही. लहानपणापासून बाबांसमोर वाजवलेल्या माणसाला, ज्यांच्यासमोर भले भले थरथरायचे, दिल्लीच्या श्रोत्यांचं कसलं दडपण. आणि बायकोने शेजारी बसून वाजवावं असा आग्रह धरणारा नवरा तिचं कौतुक झाल्यावर दुखावला जाऊच शकत नाही असं थोडीच आहे? दोन्ही एकाच माणसात अगदी आरामात राहतात. तिचं वाजवणं हवं असतं, फक्त आपल्या मापात हवं असतं.

शपथेची गोष्ट यानंतरची. बाबांसमोर आणि शारदामातेच्या तसबिरीसमोर तिने शपथ घेतली की यापुढे लोकांसमोर वाजवणार नाही, असं तिच्या शिष्यवर्तुळात सांगितलं जातं. संसार वाचेल ही आशा होती.

आता एक प्रश्न जो मला सगळ्यात जास्त छळतो. रविशंकरांना कमी काय होतं? १९५६ पासून युरोप अमेरिकेचे दौरे, १९६७ ला माँटेरी आणि १९६९ ला वुडस्टॉक हे अमेरिकेतले गाजलेले संगीत महोत्सव, जगभर नाव, पुढे १९९९ मध्ये भारतरत्न. हिचं नाव मैहर आणि थोडे जाणकार यांच्याबाहेर कुणाला माहीत नव्हतं. मग हेवा कसला? मला वाटतं आपण इथे प्रसिद्धी आणि मान यांची गल्लत करतो. घराण्यात वाढलेल्या वादकाला आतून एकच न्यायालय असतं, ते म्हणजे गुरू आणि त्यांच्या तोलाचे चार लोक. बाहेर लाखभर लोक टाळ्या वाजवत असतील पण त्या चार जणांचा कौल काय हे त्याला पक्कं माहीत असतं. आणि इथे तर तो कौल उघड बोलला जात होता. गायक अमीर खाँसाहेबांच्या नावावर एक वाक्य सांगतात, की बाबांची विद्या अन्नपूर्णेकडे ऐंशी टक्के, अलीअकबरकडे सत्तर आणि रविशंकरकडे चाळीस. अलीअकबर खाँनीच म्हटल्याचं सांगतात की तराजूच्या एका पारड्यात रविशंकर, बासरीवाले पन्नालाल घोष आणि मी, दुसऱ्यात अन्नपूर्णा, तरी तिचंच पारडं जड.

आपण हे वाक्य किती आनंदाने एकमेकांना सांगतो. मीही सांगितलंय. पण क्षणभर त्या घरात जाऊन ऐका ते. टक्के काढणारे बायकोचं कौतुक करत होते, बरोबर, पण प्रत्येक वेळी ते कौतुक नवऱ्याला मोजूनच केलं गेलं. तिचं सूरबहार चांगलं आहे एवढं म्हणून कुणी थांबलंच नाही. त्या संसारातल्या मत्सराला बाहेरून रोज हवा घालण्याचं काम रसिकांनी केलं, आणि हे काम अजून बंद झालेलं नाही.

पुढे काय झालं

शपथेने काही वाचलं नाही. भांडणं, परत येणं, परत जाणं असं होत होत १९६७ च्या सुमाराला दोघं कायमचे वेगळे झाले, कायदेशीर घटस्फोट १९८२ मध्ये झाला. अन्नपूर्णादेवी मुंबईत राहिल्या.

तिचं मौन हे फक्त बळी म्हणून वाचू नये असं मला ठामपणे वाटतं. स्टेजची ओढ नसलेली माणसं असतात, बाबांनी तर तिला निवडलंच होतं हाव नाही म्हणून, आणि साधना हा तिच्यासाठी पराभवानंतरचा आडोसा नव्हता, ते आधीपासूनचं घर होतं. पण मग तिने स्वतःहून सोडलं म्हणून मामला मिटला असंही म्हणता येत नाही. आवड नसणं वेगळं आणि आवड नाही म्हणून बरं झालं, भांडण टळलं, असं स्वतःला सांगावं लागणं वेगळं. आपल्याकडे बायका हे वाक्य कायम वापरतात, मला तशीही हौस नव्हती. माझ्या आजीने पेटी बंद केली तेव्हा तिनेही हेच सांगितलं होतं.

या प्रकरणात सगळ्यात जास्त किंमत शुभोने दिली. तो आईकडे सतार शिकत होता, आईची शिस्त म्हणजे बाबांचीच शिस्त, वर्षानुवर्षं घासणं, वेळ आल्याशिवाय बाहेर वाजवायचं नाही. १९७० च्या आसपास बापाने त्याला ऐकलं, घरात मोठा कलह झाला, आणि तो बापाबरोबर अमेरिकेला गेला. आईचं म्हणणं राहिलं की अजून थोडाच काळ थांबला असता तर तालीम पूर्ण झाली असती आणि तो कुठच्या कुठे गेला असता. बापाचं म्हणणं राहिलं की पोरगा त्या शिस्तीत घुसमटला होता, त्याला सोडवलं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असेल. पण मुलगा कुणाचा शिष्य हा प्रश्न दोघांपैकी एकालाही सोडता आला नाही. जे पारडं आई बाप एकमेकांशी उघड लावू शकले नाहीत ते त्या मुलावर लावलं गेलं, तो चांगला वाजला तर कुणामुळे आणि बिघडला तर कुणामुळे. त्याने मध्ये बरीच वर्षं सतार सोडली, तिकडे साधी नोकरी केली, लग्न, दोन मुलं. मग परत वाजवू लागला, वडिलांबरोबर दौरे केले, एकदा आईकडे शिकायलाही परत आला आणि टिकला नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये पन्नाशीत न्यूमोनियाने गेला. तोवर आई जुगलबंदी सोडून तीस पस्तीस वर्षं झाली होती आणि बापाने दुसरा संसार मांडला होता, म्हणजे मूळ भांडणाचं कारण कधीच संपलेलं होतं. मत्सर संपला नव्हता, तो फक्त मुक्काम हलवून पुढच्या पिढीत राहायला गेला होता.

एक गोष्ट मात्र या प्रकरणात नेहमी राहून जाते आणि ती फार महत्त्वाची आहे. १९८२ मध्येच अन्नपूर्णादेवींनी दुसरं लग्न केलं, ऋषीकुमार पंड्या यांच्याशी. कॅनडात राहिलेले, माणसांच्या मनाचं शिक्षण घेतलेले, मॅनेजमेंटचे कोर्स घेणारे गृहस्थ, अन्नपूर्णादेवींकडेच सतार शिकायला आलेले. वयाने बरेच लहान. हे लग्न २०१३ मध्ये ते जाईपर्यंत टिकलं. तीच बाई, तोच कडक स्वभाव, तेच मोठेपण, नवराही सतारवालाच. फरक इतकाच की त्यांना तिच्याशी बरोबरी करायची नव्हती, तिच्यासमोर शिष्य असण्यात त्यांना कमीपणा नव्हता, आणि बाहेर त्यांची टक्केवारी काढायला कुणी बसलेलं नव्हतं. म्हणजे दोन कलाकार एका घरात नांदूच शकत नाहीत हे जे आपण अनुभवाचे बोल म्हणून सांगतो ते खरं नाही. नांदतात. कोणी कोणाशी तोलून घ्यायचंय त्यावर आहे सगळं.

आणि तिची विद्या दुसऱ्यांच्या हातून बाहेर आलीच. निखिल बॅनर्जींची सतार ऐका. हरिप्रसाद चौरसिया तिच्याकडे गेले तेव्हा त्यांचं नाव झालेलं होतं, तिने बरीच वर्षं दाद दिली नाही, शेवटी खरंच शून्यापासून शिकायचंय हे दाखवायला त्यांनी बासरी धरायचे हातच बदलले, उजव्याऐवजी डाव्या बाजूला धरू लागले, आणि आजतागायत तसंच वाजवलं. नित्यानंद हळदीपूर, बसंत काबरा, सतारीवर सुधीर फडके (आपले बाबूजी नव्हेत, सतारिये) आणि संध्या आपटे, असे कितीतरी. शिष्य स्टेजवर गाजले तेव्हा हिला त्यांचा हेवा वाटल्याचं कुणी कधी सांगितलेलं नाही.

तिची स्वतःची रेकॉर्डिंग मात्र मोजकी, तीही खाजगी, कुणीतरी त्या काळच्या यंत्रावर घेतलेली, खरखर भरपूर. सूरबहारवर मांझ खमाज आहे, कौशी आहे, आणि रविशंकरांबरोबरच्या जुगलबंदीतला यमनकल्याण आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या सरांनी क्लासमध्ये तो यमनकल्याण लावला. बाहेर धो धो पाऊस, आम्ही सहा सात जण सतरंजीवर. सुरुवातीला आवाज वेगळे करायला वेळ लागतो, मग कान बसतो, खालचा भरदार आवाज तिचा, वरचा टोकदार तो त्याचा. एकजण वाक्य टाकतो, दुसरा ते उचलून थोडं पुढे नेतो, परत ठेवतो. तालीम एकाच खोलीतली आहे हे ऐकताना कळतं, श्वास घ्यायच्या जागासुद्धा सारख्या आहेत. मी आधी हे रेकॉर्डिंग नेहमी पारडं घेऊनच ऐकलं होतं, ही जागा तिची, हा गुण तिला, इथे तो मागे पडला. त्या दिवशी पहिल्यांदा मला बराच वेळ कोण वाजवतंय याचा विसर पडला.

जोड सुरू झाला आणि माझ्या शेजारची नवीन मुलगी, अकरावीतली असेल, सरांना म्हणाली, सर, पण दोघांत भारी कोण? सरांनी हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद केलं. म्हणाले, आज नको, उरलेलं पुढच्या वेळी ऐकू, सतारी काढा.